बीएस-३, बीएस-४, बीएस-६: गाडीच्या धुराचे नियम दर काही वर्षांनी कडक का होतात?

जुलै २०२५ मध्ये दिल्लीतले व्हिडिओ आपल्याकडच्या ग्रुपवर फिरत होते. पंपावर जुन्या गाड्या अडवलेल्या, पोलीस उभे, मालक हात जोडतोय. साताऱ्यात आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांची २०१२ ची डिझेल गाडी आहे, एमएच-११ पासिंगची आणि पोटच्या पोरासारखी जपलेली. ते तो व्हिडिओ घेऊनच आले. म्हणाले, "अहो, माझी गाडी बीएस-३ आहे म्हणे. म्हणजे ती आता बेकायदा झाली का?"

नाही, झाली नाही. पण का झाली नाही आणि दिल्लीत मग ते काय चाललं होतं, हे सांगायला मला चहाचे दोन कप लागले. तेच इथे जरा नीट मांडतोय.

हा आकडा कशाचा?

बीएस म्हणजे भारत स्टेज. नव्या गाडीने एक किलोमीटर चालताना जास्तीत जास्त किती घाण हवेत सोडायची, याची सरकारने ठरवलेली मर्यादा. पुढचा आकडा मोठा, तितकी मर्यादा कडक. युरोपात हेच युरो-१, युरो-२ असं चालतं आणि आपले टप्पे बहुतांशी त्यांच्याच धर्तीवर आखलेले आहेत.

घाण मुख्यतः चार प्रकारची. पहिला कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेल्या इंधनाचा विषारी वायू. दुसरं न जळताच बाहेर पडलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन. तिसरे नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यांना सगळे 'नॉक्स' म्हणतात. हवेतलाच नायट्रोजन इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत ऑक्सिजनशी जोडला जाऊन ते तयार होतात. आणि चौथी काजळी, फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण. यातली फक्त काजळी डोळ्यांना दिसते, तीही दाट असेल तरच. म्हणून 'माझी गाडी धूर सोडत नाही' या वाक्यावर विसंबता येत नाही.

'ग्रॅम प्रति किलोमीटर' म्हटलं की डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून आपण साताऱ्याहून पुण्याला जाऊ. अंतर धरू ११० किलोमीटर, गाडी डिझेलची. २००० सालच्या नियमाप्रमाणे तिला या प्रवासात सुमारे १५ ग्रॅम काजळी सोडायची मुभा होती, म्हणजे साधारण तीन चमचे मिठाच्या वजनाइतकी. बीएस-२ मध्ये ती ९ ग्रॅमच्या आसपास आली. बीएस-३ मध्ये साडेपाच ग्रॅम, एक चमचा. बीएस-४ मध्ये अर्धा चमचा. आणि बीएस-६ मध्ये अर्धा ग्रॅम, म्हणजे आमटीत वरून टाकायची एक चिमूट.

तेवढ्या चिमटीतही कण असंख्य असतात. इतके बारीक की वजन करून त्यांचा अंदाज येत नाही, म्हणून बीएस-६ मध्ये डिझेल गाडीच्या कणांची मोजणीही सुरू झाली. मर्यादा आहे किलोमीटरला ६०,००० कोटी कण. आकडा वाचून छाती दडपते, पण गाळणी नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनातून याच्या कितीतरी पट कण बाहेर पडतात.

'प्रिया'च्या काळापासून इथपर्यंत

सातारकरांना हा इतिहास घरचाच आहे. महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार व्हायची. आमच्या घरीही एक होती आणि ती आपल्या गावात बनली याचा वडिलांना केवढा अभिमान! त्या काळच्या जवळपास सगळ्या स्कूटर टू-स्ट्रोक. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं, किक मारायची आणि निळसर धूर मागे सोडत निघायचं. या पद्धतीच्या इंजिनात ताजं पेट्रोल आत येतानाच त्यातलं बरंचसं न जळता सायलेन्सरमधून निघून जातं. ऑइलही जळतं. तेव्हा याला कुणाची हरकत नव्हती, कारण मोजायची पद्धतच नव्हती.

देशात नव्या पेट्रोल गाड्यांसाठी पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली, डिझेलसाठी १९९२ मध्ये. ती किती ढिली होती बघा. सर्वांत लहान पेट्रोल कारलाही सातारा ते पुणे प्रवासात दीड किलोपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडायची परवानगी होती. आज ती ११० ग्रॅम आहे.

१९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा भाग, सक्तीचा झाला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून युरो-१ च्या तोडीचा नियम सगळीकडे लागू झाला आणि टू-स्ट्रोकची सद्दी संपत आली. २००२ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने पुढच्या टप्प्यांचा आराखडा दिला. २०१० मध्ये बीएस-३ देशभर, २०१७ मध्ये बीएस-४ देशभर, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६.

मधला बीएस-५ कुठे गेला? तो गाळला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने ठरवलं की चारवरून थेट सहावर जायचं. युरोपने युरो-४ ते युरो-६ हा प्रवास साधारण नऊ वर्षांत केला होता. आपण तो देशभरात तीन वर्षांत केला, आणि माझ्या मते सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्या दशकातला हा एक फार मोठा निर्णय होता. त्याचं श्रेय द्यायला आपण कमी पडतो.

पहिल्याच दिवशी सर्वांत कडक नियम का नाही लावला?

काकांचा हा प्रश्न सगळ्यात चांगला होता. विष आहे हे माहीत असताना टप्प्याटप्प्याने कशाला?

उत्तर पंपाच्या टाकीत आहे. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेला एक ठोकळा. त्या छिद्रांना आतून प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ मुलामा असतो. विषारी वायू या मुलाम्यावर क्षणभर टेकतात, त्यांचं रूपांतर होतं आणि ते निरुपद्रवी होऊन पुढे जातात. आता एसटी डोळ्यांसमोर आणा. खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारे असतात ना? पेट्रोलमधलं शिसं नेमकं तेच करतं. मुलाम्यावरच्या जागा पकडून बसतं आणि उठतच नाही. गंधकही जागा अडवतं. शिशाइतकं चिवट नाही, पण कन्व्हर्टरचं काम मंदावण्याइतकं नक्की. बस भरलेली दिसते, खरे प्रवासी मात्र खालीच राहतात, म्हणजे विषारी वायू जसेच्या तसे बाहेर पडतात.

म्हणून गाडी सुधारण्याआधी इंधन सुधारावं लागतं. २००० च्या सुमाराला एक टन डिझेलमध्ये अडीच किलोपर्यंत गंधक चालत होतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये ते ३५० ग्रॅमवर आलं, बीएस-४ मध्ये ५० ग्रॅमवर आणि बीएस-६ मध्ये अवघ्या १० ग्रॅमवर. गंधक काढायला शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन वापरणारी नवी यंत्रं बसवावी लागतात आणि त्यात वर्षं जातात. बीएस-६ इंधनासाठी तेल कंपन्यांनी सुमारे ३५,००० कोटी रुपये घातले.

इंधन सगळीकडे एकदम पोहोचत नव्हतं, म्हणून नियमही सगळीकडे एकदम लागू होत नव्हता. २०१० मध्ये बीएस-४ आला तो दिल्ली परिसर आणि मोजक्या शहरांत. त्यात मुंबई, पुणे होतं, सोलापूरही होतं. सातारा नव्हतं, सांगलीही नव्हती. म्हणजे तेव्हा पुण्यात विकली जाणारी नवी कार बीएस-४ असायलाच हवी होती आणि साताऱ्यात तेच मॉडेल बीएस-३ चालत होतं. काकांची २०१२ ची गाडी बीएस-३ का, याचा उलगडा हा. आणि पुण्याची बीएस-४ गाडी महाबळेश्वरला जाताना आपल्याकडे टाकी भरायची, तेव्हा तिच्यात सातपट गंधकाचं डिझेल पडायचं. एकाच देशात दोन दर्जांची हवा, हे मला तेव्हाही खटकायचं. २०१७ पासून तो भेद संपला.

डिझेलची अडचण भाकरीसारखी आहे

पेट्रोल गाडीचं गणित तुलनेने सोपं. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण साडेचौदा-पावणेपंधरास एक असं अचूक राखलं की एकच कन्व्हर्टर तीन प्रकारची घाण एकदम निस्तरतो. कार्ब्युरेटरला इतकी अचूकता जमत नाही. म्हणून आधी कारमधून आणि बीएस-६ पासून बहुतेक मोटरसायकलींमधूनही तो गेला, त्याच्या जागी इंजेक्शन आणि सेन्सर आले. थंडीत चोक ओढायची सवय सुटली ती यामुळे.

डिझेलचं तसं नाही. तव्यावरची भाकरी मंद आचेवर ठेवली तर कच्ची राहते, जाळ मोठा केला तर करपते. डिझेल कमी उष्णतेत जाळलं तर काजळी वाढते, जास्त उष्णतेत जाळलं तर काजळी कमी होते पण नॉक्स वाढतो. इंजिनाच्या आत दोन्ही एकदम साधणं जवळपास अशक्य. म्हणून बीएस-६ डिझेल गाड्यांत इंजिनाच्या बाहेर दोन पहारेकरी बसवले.

पहिला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती भरत आली की गाडी स्वतःच तिचं तापमान वाढवून आतली काजळी जाळून टाकते. दुसरा पहारेकरी नॉक्ससाठी. मोठ्या गाड्यांत आणि ट्रकमध्ये यासाठी डीईएफ नावाचं द्रावण लागतं. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो, बाकी क्षाररहित पाणी. धुरात त्याची फवारणी झाली की त्यातून अमोनिया तयार होतो आणि नॉक्सचा पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ बनते.

ट्रकवाले या द्रावणाला नुसतं 'युरिया' म्हणतात आणि त्यातूनच एक महागडी चूक होते. आपला भाग उसाचा, गोठ्याशेजारी युरियाची पोती असतातच. ते पोतं पाण्यात विरघळवून टाकीत ओतू नका. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, शिवाय इतर अशुद्धी असतात. त्याने फवारणीची नळी चोंदते आणि आतला मुलामा खराब होतो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचं काम निघतं.

प्रयोगशाळेत पास, खंबाटकीत काय?

नव्या मॉडेलची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेत होते. पुण्यातली एआरएआय ही त्यातली एक. गाडीची चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागेवरच असते आणि ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त केला जातो. धूर पिशव्यांत भरून तपासतात.

पण रोलरला चढ नसतो. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट चढणाऱ्या गाडीची अवस्था आठवा. पुढे उसाचा किंवा सळ्यांचा ट्रक, तुम्ही दुसऱ्या गिअरवर, एसी चालू, मागच्या सीटवर मुलं. तिथल्या धुराचा रोलरवरच्या धुराशी मेळ बसेलच असं नाही. परीक्षेत पाठ केलेलं उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम येईलच याची खात्री नसते, तसंच हे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर आपली चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरताच नॉक्स कमी ठेवायचं. रस्त्यावर तो मर्यादेच्या ४० पटींपर्यंत गेलेला आढळला.

या धड्यानंतर नियम बदलले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा सुरू झाला. आता गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून तिला खऱ्या रस्त्यावर, शहरात, ग्रामीण भागात आणि महामार्गावर पळवून धूर मोजावा लागतो. शिवाय कन्व्हर्टर आणि सेन्सर नीट काम करतात का, यावर गाडीतलाच संगणक सतत नजर ठेवतो. मर्यादेचा आकडा तसा तोच राहिला, पण नियम कडक झाला, कारण पळवाट बंद झाली.

'माझी पीयूसी आहे की!'

पीयूसी आणि बीएस या दोन वेगळ्या गोष्टी. कपाळावर थर्मामीटर धरणं आणि रुग्णाची सगळी तपासणी करणं, इतका त्यांच्यात फरक आहे. पीयूसीत पेट्रोल गाडी जागेवर उभी करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या धुराचा दाटपणा बघतात. नॉक्स त्यात मोजलाच जात नाही. पण ताप आहे का, हे थर्मामीटर सांगतोच. म्हणून ती तपासणी मनापासून करून घ्या, नुसता कागद आणू नका. नव्या गाडीला पहिलं वर्ष ती लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना प्रमाणपत्र वर्षभराचं मिळतं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं.

'नव्या गाड्या महाग आणि कटकटीच्या'

यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. डीपीएफ, डीईएफ, सेन्सर यांचा खर्च किमतीत चढतोच, आणि लहान डिझेल कारमध्ये तो इतका जाणवतो की मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल कार विकणंच बंद केलं. शिवाय ज्यांची गाडी रोज राजवाडा ते पोवई नाका एवढीच फिरते त्यांच्या डीपीएफला काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही. मग दिवा लागतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिला महामार्गावर, कराडच्या दिशेने म्हणा, एका वेगात थोडा वेळ पळवून आणावं लागतं. रोजचं फिरणं एवढंच असेल तर डिझेल गाडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण यावर जो 'इलाज' सुचवला जातो त्याचा मला राग आहे. एका गॅरेजमध्ये मला सांगितलं गेलं, "साहेब, ती जाळी काढून टाकू, सॉफ्टवेअर बदलू, ॲव्हरेज वाढेल, परत कटकट नाही." अशी गाडी कागदावर बीएस-६ राहते आणि धुराने वीस वर्षं मागे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसांत कर्करोग घडवणारा म्हणून जाहीर केला. गाळणी काढून आपण तो धूर मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या बाईच्या आणि तिच्या पुढ्यातल्या लेकराच्या नाकात सोडतो. मी त्या माणसाला नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं.

मग काकांच्या गाडीचं काय?

बीएसचा नियम नव्या गाडीसाठी असतो. ती बनताना, विकताना, नोंदवताना जो टप्पा लागू होता तोच तिला आयुष्यभर लागू. घर बांधलं तेव्हाचा नकाशा मंजूर होता, पुढे नियम बदलले म्हणून कुणी भिंत पाडायला येत नाही, तसं. अडकतात त्या न विकल्या गेलेल्या गाड्या. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली, तेव्हा कंपन्यांकडे अशा ८ लाखांहून जास्त गाड्या पडून होत्या. शेवटच्या दोन दिवसांत दुचाकींवर मोठ्या सवलती होत्या आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या होत्या, ते आठवत असेल.

दिल्लीचा प्रकार वेगळा. तिथल्या हवेमुळे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली होती. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना इंधन न देण्याचा आदेश लागू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको असं म्हटलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. मला हा बदल योग्य वाटतो. गाडीचं वय बघण्यापेक्षा ती काय सोडते हे बघणं जास्त न्यायाचं.

साताऱ्यात ही बंदी नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. काकांनी लगेच विचारलं, जुन्या गाडीत बीएस-६ डिझेल चालेल का? चालतं. २०२० पासून ते तेच भरतायत. कमी गंधकाने काजळीही थोडी कमीच होते.

इतकं करून हवा साफ का वाटत नाही?

मर्यादा एका गाडीसाठी, एका किलोमीटरसाठी आहे. गाड्या वाढल्या, किलोमीटर वाढले की बेरीज पुन्हा चढते. जुन्या गाड्या बदलायलाही दहा-पंधरा वर्षं लागतात. शिवाय खंबाटकी उतरताना ब्रेक तापल्याचा जो वास येतो, ती झिजलेल्या ब्रेकची भुकटीही हवेतच जाते, टायरची झीजही. बीएस-६ हे मोजत नाही. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो-७ मध्ये ते पहिल्यांदा मोजलं जाणार आहे, आणि त्यातून विजेच्या गाड्याही सुटणार नाहीत.

काकांनी शेवटी मोबाइलवर गाडीचं आरसी उघडलं. त्यात इंधनाच्या जवळच उत्सर्जनाचा रकाना असतो. भारत स्टेज तीन, लिहिलेलं होतं. मग ते उठले आणि मागच्या महिन्यात संपलेली पीयूसी काढायला गेले.